अशोकाचा दगड, चिमाजीअप्पांच्या घंटा आणि आपली विरार लोकल

(एक माजी विद्यार्थी, दहावी १९८३)

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने "आपल्या परिसरातील प्रेक्षणीय स्थळे" असा विषय दिला. विषय वाचून आमच्या तुकडीतल्या एकाने लगेच विचारले, "वसई-नालासोपाऱ्यात पाहण्यासारखं आहे तरी काय? किल्ला सोडला तर?" प्रश्न प्रामाणिक होता. आपली शाळेची सहल रायगडला जायची, महाबळेश्वरला जायची. घराच्या मागच्या अंगाला काय आहे हे पाहायला कोण सहल काढतो? म्हणून या लेखात आपल्याच गावांची सहल काढायची आहे. आता मुंबई महानगर प्रदेशाचा एक कोपरा एवढीच आपली ओळख उरली असली, तरी एके काळी मुंबईची सात बेटे हाच वसईचा एक कोपरा होता. तेवढे या निमित्ताने आठवले तरी पुरे.

सोपारे: बंदर आणि बुरुडराजाचा कोट

नालासोपारा हे नाव रेल्वेने दिलेले. नाळे हे एक गाव, सोपारे हे दुसरे. दोघांच्या नावाचे एक स्टेशन झाले. यातले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. महाभारतात त्याचे नाव येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात सोपारे आणि कल्याण यांची नावे जवळजवळ येतात, आणि दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही सोपारे आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात ज्या गावांत त्याने धर्मशाळा बांधल्या त्यांत भडोच आहे, दशपूर आहे, गोवर्धन आहे आणि आपले सोपारेही आहे. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या माणसांनी दिलेली दाने कोरलेली आहेत. घाटावर लेणी खोदायला पैसा लागे, आणि त्यातला काही बंदरावरच्या व्यापारातून चढत असे, असा याचा साधा अर्थ.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याला आले. हे मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले. गावकरी ज्याला 'बुरुडराजाचा कोट' म्हणत त्या टेकाडात त्यांनी खणायला सुरुवात केली. तो कोट नव्हताच, तो विटांचा बौद्ध स्तूप होता. मधोमध दगडाची गोल पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ बुद्धमूर्ती: सात पूर्वीचे बुद्ध आणि आठवा येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे आणि सोन्याची फुले! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते इतक्या जपणुकीने ठेवले होते. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण हा बुद्धाचा शिष्य झाला आणि त्याने इथे चंदनाचा विहार बांधला, अशी बौद्ध ग्रंथांतली कथा आहे. त्या कथेचे गाव हेच.

त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ ब्राह्मी लिपीतला दगडाचा एक तुकडा मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा निघाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचे चौदा लेख ज्या मोजक्या ठिकाणी कोरले गेले त्यांत आपले गाव होते, हे त्यावरून ठरले.

आठवा लेख कशाबद्दल आहे हे फार थोड्यांना माहीत असते. तो सहलीबद्दल आहे! पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी बाहेर पडत, असे त्यात सांगितले आहे. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या. साधूंना भेटणे, वृद्धांची विचारपूस करून त्यांना मदत करणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलणे, हा त्या प्रवासाचा कार्यक्रम. बाहेर पडायचे ते माणसे भेटायला, हे सांगणारा दगड आपल्या तळ्याकाठी मिळावा आणि आपल्या मुलांनी मात्र तो कधी पाहिलेला नसावा, ही गोष्ट मनाला लागते. दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूपातले करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सुरक्षित आहेत, यात समाधान आहेच.

सोपाऱ्याचे वैभव बौद्ध काळाबरोबर संपले नाही. बाराव्या शतकात कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याने तेजकंठ नावाच्या पंडिताला शूर्पारकाहून थेट काश्मीरच्या विद्वत्सभेत पाठवले होते. काश्मिरी कवी मंखाने आपल्या 'श्रीकंठचरित' काव्यात त्याची नोंद ठेवली आहे. चक्रेश्वर तलावाकाठच्या मंदिरात ब्रह्मदेवाची सुंदर मूर्ती आणि जुनी शिल्पे आहेत, ती आवर्जून पाहावीत. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली आणि बंदराचे गाव वाड्यांचे गाव झाले.

वसई: मुंबईची थोरली बहीण

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. तहात वसईबरोबर तिच्या अखत्यारीतली बेटे गेली, आणि त्यांत मुंबई होती. पुढची दोनशे वर्षे पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार वसईच्या कोटातून चालला. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. वसईकर पोर्तुगिजांना ते अजिबात रुचले नाही, आणि बेट प्रत्यक्ष ताब्यात यायला १६६५ साल उजाडले. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले. वसईचा दगड तर त्याही आधी गोव्याला पोहोचला होता: जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चचा काळा दर्शनी भाग वसईच्या दगडाचा आहे. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचले.

मग आली वसईची मोहीम. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, अर्नाळा घेतला. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे असे सरदार सामील झाले. तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल असल्यामुळे वाट एकच, उत्तरेची, आणि तिथले तट भक्कम. अखेर तटाखाली सुरुंग घातले गेले, सेंट सेबॅस्टियन बुरूज उडाला आणि दोन दिवसांच्या घनघोर लढाईनंतर मे महिन्यात किल्ला पडला. दोन्हीकडची माणसे फार गेली. पोर्तुगिजांना कुटुंबकबिल्यासह सन्मानाने बाहेर पडण्याची मुदत दिली गेली. नवसाला पावलेल्या वज्रेश्वरीचे देऊळ तटबंदीसह उभे राहिले. चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली, नाशिकचे नारोशंकर अशा देवळांत गेल्या. भीमाशंकरला गेलात तर तिथली घंटा नीट पाहा. तुमच्याच गावची पाहुणी आहे.

या विजयाची धास्ती मुंबईच्या इंग्रजांनी किती घेतली? व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली आणि मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नावच 'मराठा खंदक' पडले. काळ मात्र फिरला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईलाच. ज्या गावाने पेशवाईचा एक थोर विजय पाहिला, त्याच गावाने तिचे स्वातंत्र्य कागदावर सही होऊन जाताना पाहिले.

आज किल्ल्यात गेल्यावर पोरांना प्रथम दिसतात ती छप्पर नसलेली चर्चे आणि त्यांच्या भिंतींवर रुजलेले वड-पिंपळ. पण जमिनीकडेही पाहायला शिकवा. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. थोड्याच अंतरावर नागेश्वराचे देऊळ आहे. चिमाजीअप्पांचा पुतळाही आहे. समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर पडले की कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असतात, आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास इतिहासातून क्षणात वर्तमानात आणतो.

वाड्या, बावखले आणि लोकल

वसईचे खरे प्रेक्षणीय स्थळ म्हणजे तिची वाडी, असे मला वाटते. केळी, नागवेल, चाफा, भाजीपाला. राजेळी केळ्यांची सुकेळी. आणि प्रत्येक वाडीच्या कडेला बावखल. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी खणलेले छोटे गोड्या पाण्याचे तळे. समुद्र हाकेच्या अंतरावर असून विहिरी गोड राहिल्या, त्याचे श्रेय या बावखलांना. पावसाचे पाणी तिथे थांबे, मुरे आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटे. इथल्या सामवेदी ब्राह्मणांची आणि कुपारी ख्रिस्ती शेतकऱ्यांची घरची बोली एकच, कादोडी. देवळे आणि चर्चे निराळी असली तरी बोली एक राहिली. यापेक्षा मोठे स्मारक कोणते दाखवावे?

१८६४ मध्ये रेल्वे आली, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. वाडीतली फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने दादरला जाऊ लागली, आणि मागोमाग आपणही नोकरीला जाऊ लागलो. परतीच्या गाडीने मुंबई इकडे आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकजण मोर्चात होते. फादर पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आंदोलनाने पुष्कळ वाचवले, सगळे नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. बावखले बुजली, पाण्याच्या जुन्या वाटांवर इमारती आल्या, आणि जुलै २०१८ मध्ये रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या, मिठागरातली माणसे पाण्यात अडकली. पाण्याला जुन्या वाटा आठवतात. विसरतो तो माणूस.

आपण काय करू शकतो

स्नेहमेळावा दोन दिवसांचा आहे. दुसऱ्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी सकाळी सोपाऱ्याचा स्तूप आणि चक्रेश्वर तलाव, दुपारी निर्मळ आणि भुईगाव, उन्हे कलल्यावर वसईचा किल्ला असा फेरा करावा. अर्नाळ्याचा किल्ला होडीने गाठावा लागतो, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. टोपी आणि पाणी विसरू नका, आपले ऊन ओळखीचे असले तरी वय तेच राहिलेले नाही!

यापुढची सूचना तुकड्यांच्या प्रतिनिधींनी मनावर घ्यावी. शाळेला पंखे, कपाटे, संगणक आपण देतोच. त्याच निधीतून दरवर्षी आठवीच्या मुलांना एक दिवस सोपारे आणि वसई दाखवावी, आणि दुसऱ्या एका दिवशी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नेऊन आपल्या गावचा दगड दाखवावा. खर्च दोन बसगाड्यांचा.

काही जण म्हणतील, आता शाळेत निम्मी मुले बाहेरून आलेल्या घरांची. त्यांना या इतिहासाचे काय? उत्तर सोपाऱ्यानेच दिले आहे. हे गाव बंदराचे. इथे भडोचचे व्यापारी आले, मगधाच्या राजाचा हुकूम दगडावर आला, पोर्तुगीज आले, घाटावरची फौज आली आणि जुनागढच्या पंडिताने येऊन आपल्याला आपलाच स्तूप खणून दाखवला. चाळीतल्या किंवा टॉवरमधल्या ज्या मुलाचे आजोळ सिंधुदुर्गात, जौनपूरला किंवा दरभंग्याला आहे, त्यालाही हा स्तूप 'आमच्या गावचा' म्हणण्याचा तेवढाच हक्क आहे. मात्र ते म्हणायला त्याला कोणीतरी एकदा तिथवर नेले पाहिजे. ते काम आपले.