सहा मिनिटांची पंगत

डब्लिनला लुआसच्या लाल मार्गावर 'म्युझियम' या थांब्यावर उतरले की समोर कॉलिन्स बॅरॅक्सची करडी दगडी इमारत दिसते. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना हे संग्रहालय दाखवायला नेतो. पण इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत एकेकाळी जेवणाच्या पंक्ती उठत होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही.

तेव्हा या जागेला रॉयल बॅरॅक्स म्हणत. ५ एप्रिल १८४७ रोजी तिथे लाकूड आणि कापडाचा एक मोठा मांडव उघडला. मांडणी अलेक्सी सोयर याची. हा लंडनच्या रिफॉर्म क्लबचा फ्रेंच आचारी, त्या काळातला अतिशय नावाजलेला. मधोमध तीनशे गॅलनचे सुपाचे पातेले, भोवती लांब टेबले, टेबलात बसवलेली वाडगी आणि प्रत्येक वाडग्याला साखळीने बांधलेला चमचा. घंटा झाली की शंभर माणसे आत यायची. साधारण सहा मिनिटांनी पुन्हा घंटा. मग पावाचा तुकडा हातात घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर, आणि वाडगी पुसून पुढचे शंभर आत. पाच शिलिंग देऊन ही जेवणारी माणसे पाहायला शहरातले प्रतिष्ठित लोक आले होते.

आता त्याआधीची दोन वर्षे पाहू. आयर्लंडच्या गरीब घरात तेव्हा बटाटा हेच अन्न होते. कष्टकरी पुरुष दिवसाला बारा-चौदा पौंड, म्हणजे पाच-सहा किलो बटाटे खाई. सोबत मीठ आणि ताक. ऐकायला हे कदान्न वाटते. पण बटाट्यातले 'क' जीवनसत्त्व आणि ताकातली प्रथिने मिळून शरीराचे बरे पोषण होत असे. जेवायची रीत तर आपल्याला ओळखीची वाटावी. उकडलेले बटाटे सपाट टोपलीत निथळायचे, टोपली रिकाम्या हंड्यावर ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसून हाताने सोलून खायचे. दारावरून जाणारा वाटसरू किंवा भिकारीही त्यात बसे. टोपलीत कोणाचा वाटा किती, हे कोणी मोजत नसे.

१८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावर करपा पडला आणि १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक गेले. सरकारने अमेरिकेतून मका आणला. तो नीट दळायचा आणि शिजवायचा कसा, हे लोकांना ठाऊक नव्हते. पोटे बिघडली, आणि बटाटा गेल्यामुळे 'क' जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही दिसू लागला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना परक्या धान्याचा हा अनुभव निराळा सांगायला नको.

न्यायाने बोलायचे तर सुपाने जीव वाचवले. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी योजनेतून रोज सुमारे तीस लाख लोक जेवत होते. शरद ऋतू येईपर्यंत ती योजना बंद केली गेली, ही खरी चूक. सोयरच्या पातळ सुपात कस किती, यावर लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांतून टीका झाली. पण आयरिश लोकांच्या मनाला जास्त लागली ती त्यातली मानखंडना. काही ठिकाणी धर्म बदलला तरच सूप, अशी अट होती. 'सूप घेतले' हा टोमणा इथे अजून ऐकू येतो. क्वेकर पंथीयांनी मात्र कोणाचा धर्म न विचारता अन्न वाटले, म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतात. या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली आणि त्याहून अधिकांनी देश सोडला.

तीस वर्षांनी हीच पाळी आपल्यावर आली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी घटवली : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. दिवसभर खडी फोडणाऱ्याला साडेचारशे ग्रॅम धान्य! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', यांच्या पुढाकाराने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. उपाशी माणसानेही माप नाकारले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या पंगतीचेही फार गोडवे गायला नकोत. गावजेवणात कोणाची पंगत वेगळी बसे आणि कोणाला अंगणाबाहेर थांबावे लागे, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेले आहे. सहभोजनाच्या चळवळी कराव्या लागल्या त्या यासाठीच. तेव्हा नुसते एकत्र जेवणे पुरेसे नाही. कोण कोणाशेजारी बसतो आणि वाढणारा कोणत्या भावनेने वाढतो, यावर सगळे आहे.

हे सगळे आठवायला निमित्त आपल्याच मंडळाचे. यंदा गणपतीत हॉल थोडाच वेळ मिळणार, म्हणून महाप्रसाद पॅकबंद डब्यांतून द्यावा अशी सूचना आली आहे. सूचना सोयीची आहे, आणि भांडी घासणाऱ्यांचे हाल मी जाणतो. तरीही माझे मत पंगतीच्या बाजूने. आपल्यात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आहेत, खोलीवर एकटे राहणारे विद्यार्थी आहेत. घरी नेलेला डबा ते एकटेच खातील. पोट भरेल, पण "अजून थोडा भात घे" असे म्हणणारे कोणी नसेल.

पदार्थ कमी करू. वरण-भात, एक भाजी, एक गोड. वाढायला मी येतो. फक्त घंटा वाजवू नका.