पत्ता आणि पत

एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जाणाऱ्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला देतात, हें आपणांस ठाऊकच आहे. तो हातीं असला म्हणजे नवी शाळा त्याला बिनबोभाट पुढच्या इयत्तेंत बसविते. नसला तर मुलगा कितीहि हुशार असो, तेथें तो अनोळखीच ठरतो. माझा सारा जन्म असे दाखले लिहिण्यांत गेला. म्हणूनच इंटरनेटवरील एखादें संकेतस्थळ जुनें नांव सोडून नव्या नांवाखालीं गेलें म्हणजे शोधयंत्रांतील त्याचा वरचा क्रमांक कां जातो आणि तो कसा राखावा, हा प्रश्न मला परका वाटला नाहीं. त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगतों.

प्रथम पत्ता. संगणकांचे खरे पत्ते आंकड्यांचे असतात. ते माणसांच्या लक्षांत राहत नाहींत, म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डोमेन-नांवांची पद्धति घालून दिली. पुढें १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली. एका पानानें दुसऱ्या पानाकडे बोट दाखवावें, म्हणजे दुवा द्यावा, हा त्या कल्पनेचा प्राण. परंतु ज्याच्याकडे बोट दाखविलें तोच बिऱ्हाड बदलून गेला तर? जगांत कोणीं कोठें आपला दुवा दिला आहे हें त्याला ठाऊक नसतें. आणि ठाऊक असलें तरी दुसऱ्याच्या पानावरील अक्षर त्याला खोडतां येत नाहीं.

यावरचा उपाय मे १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० या नियमपत्रांत नमूद आहे. आपण एखादें पान मागितलें म्हणजे सर्व्हर आधीं तीन आंकडी खूण पाठवितो. ३०१ म्हणजे कायमचें स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतें. दोहोंबरोबर नवा पत्ता येतो. वाचकाला दोन्ही सारखींच, कारण तो नव्या पानावरच पोहोंचतो. माझ्या भाषेंत सांगावयाचें तर ३०१ हा दाखला आहे आणि ३०२ हा रजेचा अर्ज. रजेवर गेलेल्या मुलाचें नांव जुन्याच हजेरीपटावर राहतें.

या भेदाला खरें मोल आलें तें शोधयंत्रांमुळें. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं पेजरँक नांवाची रीत प्रसिद्ध केली. ज्या पानाकडे पुष्कळ आणि वजनदार पानें बोट दाखवितात, तें पान वजनदार, असा तिचा सारांश. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गूगल कंपनी स्थापन झाली. आज गूगल क्रम लावतांना इतर अनेक गोष्टी पाहतें, तरी दुव्यांचा विचार त्यानें सोडलेला नाहीं. अशा रीतीनें पत्त्याला पत चिकटली. आणि ही पत मालकानें स्वतः लिहून घेतलेली नव्हे, इतरांनीं दिलेली. नव्या पत्त्याची त्यांना वार्ताहि नसते. दाखला नसेल तर शोधयंत्राच्या वहींत नवें पान पुन्हां पहिल्या इयत्तेंत बसतें. पत्ते बदलूंच नयेत, असा उपदेश बर्नर्स-ली यांनीं त्याच १९९८ सालीं एका निबंधांत केला होता. उपदेश योग्य, पण बिऱ्हाडें बदलावीं लागतातच.

२००१ सालीं सुरू झालेल्या विकिपीडियानें २००२ सालीं धंद्याचें सूचक 'डॉट कॉम' सोडून 'डॉट ऑर्ग' घेतलें. २००३ सालीं मराठी विकिपीडिया जन्मला तो या नव्या घरांतच. त्याहून बोलकें उदाहरण 'गार्डियन'चें. १८२१ सालीं निघालेल्या 'मँचेस्टर गार्डियन'नें १९५९ सालीं आपल्या नांवांतून गांव काढून टाकलें. त्यामुळें ग्रंथालयांतील जुन्या अंकांना कांहींच धक्का लागला नाहीं. २०१३ सालीं मात्र त्याच्या संकेतस्थळानें ब्रिटनचें सूचक 'डॉट सीओ डॉट यूके' सोडून 'डॉट कॉम' घेतलें, तेव्हां प्रत्येक जुन्या लेखाचा पत्ता बदलला. वेबवर पाटी बदलली कीं कपाटांतील प्रत्येक अंक जागचा हलतो, हा कागदाहून मोठा फरक आहे.

दाखल्याबरोबर सारी पत पोहोंचते काय, ही शंका मालकांना पुष्कळ वर्षें सतावीत होती. कांहीं अंश गळतो, असें गूगलचे मॅट कट्स यांनीं २०१० सालीं मान्य केलें होतें. २०१६ सालीं त्याच कंपनीकडून, आतां तशी गळती होत नाहीं, असें सांगण्यांत आलें. दरम्यान २००९ सालीं गूगलनें पत्ताबदल कळविण्याची सोयहि करून दिली.

इतकें असूनहि काय होतें, हें मीं जवळून पाहिलें. एका वाचनालयाच्या संकेतस्थळासाठीं आम्हीं तिघां निवृत्त शिक्षकांनीं चार वर्षें खपून जुन्या मराठी नियतकालिकांची सूचि तयार केली. अभ्यासक तिचा हवाला देत. पुढें चालकांनीं नवें, देखणें नांव घेतलें आणि जुनीं शेंकडों पानें सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळविलीं. साऱ्या वर्गाला मिळून एकच दाखला देऊन कसें चालेल? अशीं पानें शोधयंत्र बहुधा हरवलेलींच समजतें. पुढें जुन्या नांवाचें वार्षिक शुल्कहि भरावयाचें राहिलें. तें नांव दुसऱ्या कोणीं घेतलें आणि तेथें जुगाराच्या जाहिराती लावल्या. आज एखाद्या प्रबंधांतील तळटीप पाहून विद्यार्थी तेथें गेला, तर त्याला सूचि नव्हे, जुगार भेटतो. सूचि नव्या जागीं शाबूत आहे. तिच्याकडे जाणारी वाट मात्र मोडली.

म्हणून स्थलांतर करणारांनीं आधीं जुन्या प्रत्येक पानाची यादी करावी व तिच्यापुढें त्याच मजकुराच्या नव्या पानाचा पत्ता लिहावा. मग प्रत्येकास स्वतंत्र ३०१ द्यावा, स्वतःच्या पानांतील दुवे दुरुस्त करावे आणि नव्या पानांची यादी शोधयंत्राकडे धाडावी. कांहीं आठवडे क्रमांक खालींवर होतो. तेवढ्यानें घाबरूं नये. हीं वळणें निदान एक वर्ष ठेवावीं, असें गूगल सुचवितें. मी मात्र म्हणेन, संस्था चालते तोंवर जुन्या नांवाचें शुल्क भरीत राहावें. शोधयंत्र वर्षभरांत नवा पत्ता शिकतें. छापील तळटीप तो कधींच शिकत नाहीं, आणि तिच्यावर विश्वास ठेवून येणारा वाचक जुन्याच दारावर थाप मारतो.