भिंतीवरचा कोळसा

गेल्या महिन्यातली गोष्ट. आठवीत शिकणारी माझी नात अर्धी पोळी ताटात टाकून उठली. चार दिवस हेच चालले होते. मोबाईल पालथा ठेवायचा, वाजला की दचकायचे, आणि विचारले की "काही नाही गं आजी." पाचव्या दिवशी तिनेच दाखवले. स्नेहसंमेलनातला तिचा एक फोटो कोणीतरी कापून त्याचे स्टिकर बनवले होते, खाली अचकटविचकट मजकूर. वर्गाच्या ग्रुपवर ते दिवसातून वीसवीस वेळा येत होते, आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

ते पाहिले आणि मला एक भिंत आठवली.

१९८७ साल असेल. मी नववीची वर्गशिक्षिका होते. शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने माझ्या वर्गातल्या एका मुलीचे नाव एका मुलाच्या नावाशी जोडून लिहिलेले सापडले. मी शिपायाकडून त्यावर चुना फिरवला आणि त्या मुलीला जवळ बोलावून म्हटले, "बाळ, दुर्लक्ष कर. हत्ती चालतो, कुत्री भुंकतात." मला वाटले, मी फार शहाणपणाचे बोलले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बातमी कानावर आली. भिंत मी स्वच्छ केली होती. पण कोणी लिहिले ते विचारले नाही, वाचून हसणाऱ्यांना विचारले नाही, आणि त्या मुलीला काय वाटते तेही विचारले नाही.

मी इतिहास शिकवत असे. दरवर्षी सावित्रीबाईंचा धडा रंगवून सांगायची. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण आणि दगड फेकत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाल्या. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूरला केलेल्या भाषणात त्यांनी रस्त्यावरचा अनुभव सांगितला होता. हातात पुस्तके घेऊन जाणारी बाई दिसली की लोक थांबून हसत. घराच्या ओसरीत बसलेली प्रतिष्ठित माणसेसुद्धा टोमणे मारत, खडे फेकत.

धडा शिकवताना मी खडे फेकणाऱ्यांबद्दल बोलायचे. आता वाटते, ओसरीत बसून नुसते हसणाऱ्यांबद्दल जास्त बोलायला हवे होते. खडा एकजण फेकतो. त्याला बळ मिळते ते प्रेक्षकांकडून. नातीच्या ग्रुपवरही स्टिकर करणारा एकच होता. बाकीचे ओसरीतले.

नाव लपवण्याचेही तसेच. निनावीपणा मुळात वाईट नाही. रखमाबाईंनी १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि वैधव्य यांवर पत्रे लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या टोपणनावाने. दुबळ्याने जबर रूढीविरुद्ध बोलण्यासाठी घेतलेला तो आडोसा होता. पुढे नवऱ्याकडे नांदायला जाण्याच्या खटल्यात वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, 'केसरी'ही त्यात होता. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर होऊन परतल्या. आज खोट्या नावाचे खाते काढून वर्गातल्या मुलीला छळणारा तोच आडोसा उलटा वापरतो.

मग "त्यांनी सोसले, तूही सोस" असे मुलांना सांगायचे का? मुळीच नाही. (मी तेच सांगितले होते, म्हणून ठासून लिहिते.) त्या स्त्रियांनी एका कामासाठी तो रस्ता पत्करला होता. तेरा वर्षांच्या मुलीने काहीच पत्करलेले नसते. दुसरे, सावित्रीबाईंचा रस्ता उंबरठ्याशी संपत होता आणि घरात जोतीराव होते. रखमाबाईंच्या पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन आणि आजोबा उभे राहिले. आजच्या मुलांचा रस्ता मात्र थेट उशाशी येतो. भिंतीवरचा कोळसा चुन्याने झाकला जाई. हा मजकूर एकाने पुसला तरी दहाजणांकडे उरतो. म्हणून घरातल्या माणसाची गरज तेव्हापेक्षा आज अधिक आहे.

आमच्या घरीही पहिला विचार चुन्याचाच झाला. सूनबाई म्हणाली, "मोबाईलच काढून घेते!" मी तिला भिंतीची गोष्ट सांगितली. मोबाईल काढून घेतला की शिक्षा छळ झालेल्या मुलीला होते, आणि पुढच्या वेळी ती सांगतच नाही. मग आम्ही असे केले. उलट उत्तर द्यायचे नाही, पण काही पुसायचेही नाही. प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवला. त्यानंतर त्या मुलाला ब्लॉक केले आणि ॲपवर तक्रार नोंदवली. तिला विचारूनच तिच्या वर्गशिक्षिकांना भेटलो. त्यांनी त्या मुलाच्या आईवडिलांना बोलावले, आणि हसणाऱ्यांशीही वर्गात बोलल्या.

धमक्या, सतत पाठलाग किंवा अश्लील चित्रे असतील तर तो मुलांचा खेळ नव्हे, गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मूल गप्प गप्प राहू लागले, जगण्याचा कंटाळा आला म्हणू लागले, तर वाट पाहू नका. 'टेलिमानस'चा १४४१६ क्रमांक लावा, डॉक्टरांकडे जा. आणि आपलेच मूल छळणारे निघाले तर "आमचा बाळ असा नाही" म्हणून दार लावू नका. त्यालाही कोणीतरी थांबवण्याची गरज असते.

सगळे छान झाले असे नाही. नात अजून स्नेहसंमेलनाचे नाव काढत नाही. पण त्या ग्रुपवर तिच्या एका मैत्रिणीने "आता पुरे" एवढेच दोन शब्द लिहिले, आणि त्या दिवसापासून स्टिकर थांबले. ओसरीतून एकजण उठून उभी राहिली.

नववीतली ती मुलगी आज पन्नाशीची असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. भेटली तर तिची क्षमा मागायची आहे, आणि तेव्हा न विचारलेला प्रश्न विचारायचा आहे : "बाळ, तुला काय वाटलं होतं गं?"