फाशी नंतर आली

मोकळ्या तासाला वहीच्या शेवटच्या पानावर सिनेमाची नावं ओळखत बसला नाही, असा विद्यार्थी आपल्याकडे विरळाच. नाव रोमन लिपीत घ्यायचं, स्वर लिहून टाकायचे, व्यंजनांच्या जागी आडव्या रेघा मारायच्या. ‘शोले’ असेल तर रेघ, रेघ, ओ, रेघ, ए, रेघ. वर ‘बॉलिवूड’ची नऊ रोमन अक्षरं. अंदाज चुकला की त्यातलं एक खोडायचं. नऊ खोडली गेली की खेळ खलास.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे इंग्रजीच्या तासाला फळ्यावर येणारा ‘हँगमन’. तिथे दर चुकीला खांब, दोर, डोकं, धड, हात, पाय असा एकेक भाग काढत माणूस फासावर चढतो. स्पेलिंग पक्कं करायला पोरांसमोर गळफास कशाला, असं वाटून अमेरिकेतले काही शिक्षक हल्ली त्याऐवजी बर्फाचा माणूस काढतात. पण खेळाच्या जुन्या नोंदीत हा गळफास नाहीच.

ॲलिस बर्था गॉम या बाईंनी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या पारंपरिक खेळांचा कोश केला. त्याचा पहिला खंड 1894 सालचा. त्यात ‘पक्षी, पशू आणि मासे’ नावाचा खेळ आहे. एकाने मनात एखाद्या प्राण्याचं नाव धरायचं, पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहायचं आणि मधल्या प्रत्येक अक्षरासाठी फुली मारायची. ‘बुलफिंच’ या पक्ष्यासाठी सुरुवातीला बी, शेवटी एच आणि मध्ये सात फुल्या. समोरच्याने मधली अक्षरं ओळखायची. नऊ अक्षरांचे पक्षी किती असतील, हे मनातल्या मनात चाळणं हाच खरा अभ्यास.

फाशीचं चित्र असलेला प्रकार 1902 साली अमेरिकेतल्या ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या वर्तमानपत्रात सापडतो. म्हणजे आपण ज्याला खेळाचा कणा समजतो, ती निव्वळ गुण मोजायची तऱ्हा. म्हणून तर आपल्या पोरांनी दोरखंड काढून तिथे बॉलिवूड बसवलं, तरी खेळाचं काही बिघडलं नाही. लहानपणी गाडीच्या प्रवासात बहिणीबरोबर हाच खेळ खेळणाऱ्या मर्व्ह ग्रिफिनने पुढे फाशीच्या जागी फिरतं चाक आणलं. त्याचा ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ हा शब्द ओळखायचा कार्यक्रम 1975च्या जानेवारीत अमेरिकन टीव्हीवर सुरू झाला.

मराठीत मात्र हा खेळ जसाच्या तसा उतरत नाही, आणि मला त्याची खरी गोडी तिथेच वाटते. रोमनमध्ये एक रेघ म्हणजे एक अक्षर, विषय संपला. आपल्याकडे ‘विळी’ला दोन रेघा मारल्या आणि कुणी ‘व’ म्हणालं, तर लिहायचं काय? ‘व’ आहे म्हणावं तर त्याला वेलांटी चिकटलेली. तेव्हा व्यंजन आधी मान्य करायचं आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी विचारायची, हे बरं. मग पुढच्या घरात ‘ल’ सांगून फसलेला ‘ळ’वर येतो, आणि त्याला वेलांटी आहे एवढं कळलं की चलाख मुलगी पुढचं विचारतच नाही. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणून तिच्या आधीची ऱ्हस्व! शुद्धलेखनाचा जो नियम पाठ करताना जांभया येतात, तो इथे एक चूक वाचवतो.

‘पुस्तक’ला तीन रेघा की चार, यावरून मात्र वर्गात हमखास तंटा होतो. अर्धा ‘स’ कुणी मोजतं, कुणी नाही. मुलांना खेळवणार असाल, तर जोडाक्षराला एकच घर द्या आणि हे पहिली रेघ मारण्याआधीच सांगून टाका.