रॉकेल, थंडी आणि विमान

थंडीच्या दिवसांत अम्मी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायची. त्याच फळीवरचं शेंगदाण्याचं तेल मात्र वाहतं असायचं. दोन्ही तेलंच, मग एकच का गोठतं? मी कलाशाखेचा बी.ए. विमानाच्या इंधनाचा इतिहास वाचताना हा जुना प्रश्न पुन्हा भेटला.

१५ मे १९४१ रोजी फ्रँक व्हिटल यांच्या इंजिनावर ब्रिटनचं पहिलं जेट विमान उडालं. पुढे जेट विमानं उंच जाऊ लागली. अकरा किलोमीटरवर बाहेर सुमारे उणे ५६ अंश सेल्सिअस असतं. तिथेही इंधन वाहायला हवं. म्हणून १९४४ मध्ये अमेरिकी लष्करानं जेपी-१ या रॉकेलला अट घातली: गोठणबिंदू उणे ६० अंश.

अट घालणं सोपं होतं, पाळणं अवघड. रॉकेल हा काही एकच पदार्थ नाही. तो अनेक हायड्रोकार्बनांचा मेळा. त्यातले सरळ साखळीचे रेणू पेटीतल्या काड्यांसारखे शेजारी शेजारी बसतात आणि स्फटिक होतात. मेणबत्तीचं मेण त्यांच्याच कुळातलं. साखळी लांब, तर गोठण्याची घाई जास्त: सोळा कार्बनचं सेटेन १८ अंशांनाच गोठतं. फांद्या फुटलेले रेणू मात्र बाभळीच्या काटक्यांसारखे, नीट रचताच येत नाहीत. आठ कार्बनचं सरळ ऑक्टेन उणे ५७ अंशांना गोठतं, फांद्यांचं आयसो-ऑक्टेन उणे १०७ ला. अणू तेच, संख्या तीच, फरक मांडणीचा. कवीला हे वेगळं सांगायला नको. अम्मीच्या फळीवरही तेच होतं: खोबरेलाच्या साखळ्या बहुतेक सरळ, शेंगदाणा तेलाच्या बऱ्याच वाकलेल्या.

टाकीतलं इंधन एकदम दगड होत नाही. आधी मेणाचे कण धरतात, गाळणी तुंबते आणि भरल्या टाकीखाली इंजिन उपाशी राहतं.

हे टाळायला लांब साखळ्यांचा भाग वगळावा लागे. मग कच्च्या तेलातून जेपी-१ फारच थोडं निघे. एवढ्यावर हवाई दल कसं चालणार? म्हणून पेट्रोलचा हलका भाग मिसळला गेला आणि १९५१ मध्ये जेपी-४ आलं. ते मुबलक होतं, थंडीत वाहतं होतं. पण पेट्रोलबरोबर आगीचं भयही आलं. अखेर १९९० च्या दशकात अमेरिकी हवाई दल पुन्हा रॉकेलकडे, जेपी-८ कडे वळलं. त्याची मर्यादा उणे ४७. प्रवासी विमानांच्या जेट ए-१ चीही तीच. थंडी, टंचाई आणि आग या तिघींशी केलेली ही तडजोड.

आपल्याकडे २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं. त्याआधी तिथले चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. रेणूंचे आकार त्यांना कुणी शिकवले नव्हते. थंडीनं शिकवलं होतं. अम्मीलाही.