मण्यांची मोजणी : मळखेड ते पत्थरगट्टी

सुटा मणी ही केवळ एक वस्तू होय. तो दोऱ्यात ओवला गेला की त्यास क्रम प्राप्त होतो, आणि क्रमाच्या पाठोपाठ मोजणी येते. दख्खनच्या ज्या भूभागाची राजधानी पुढे हैदराबाद झाली, तेथे मण्यांच्या मोजणीने गणित, उपासना आणि व्यापार अशा तीन क्षेत्रांत सेवा केली आहे. संख्या तीच, परंतु प्रत्येक क्षेत्रात तिचा धर्म निराळा.

१९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतरच्या हैदराबाद राज्याच्या गुलबर्गा जिल्ह्यात असलेले मळखेड हे गाव म्हणजे राष्ट्रकूटांची मान्यखेट ही राजधानी. तेथील राजा अमोघवर्ष नृपतुंग याची प्रशस्ती आरंभी गाऊन जैन पंडित महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यातील एका उदाहरणात प्रणयकलहात मोत्यांचा हार तुटतो. एक तृतीयांश मोती दासीकडे जातात, एक षष्ठांश शय्येवर पडतात. मग उरलेल्यांचे अर्धे, पुन्हा उरलेल्यांचे अर्धे, असे सहा वेळा विखुरतात, आणि अखेर १,१६१ मोती शिल्लक राहतात. तर हारात मूळचे मोती किती? उत्तर येते १,४८,६०८. एवढे मोती कोणत्याही कंठास पेलणार नाहीत. परंतु अपूर्णांकांचा रुक्ष व्यवहार विद्यार्थ्याच्या गळी उतरविण्यास हा हार समर्थ आहे. याच ग्रंथात दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसणाऱ्या गुणाकारांस कंठीची उपमा दिली आहे. १४,२८,५७,१४३ या संख्येस ७ ने गुणिले असता १,००,००,००,००१ ही संख्या मिळते. दोन टोकांस दोन एक आणि मध्ये शून्यांचे मणी! गणितज्ञाच्या दृष्टीने मोजणी म्हणजे अज्ञाताचा शोध होता.

उपासकाचे प्रयोजन याहून वेगळे. जपमाळेचे मणी १०८, आणि मेरुमणी निराळा. बोट मेरूपाशी आले की त्यास न ओलांडता माळ फिरवावयाची, हा दंडक. हातात बाळगावयाच्या लहान स्मरणीत बहुधा २७ मणी असतात. तिचे चार फेर झाले की एक माळ पूर्ण होते. हैदराबादेतील मशिदींत हाती दिसणारी तस्बीह ९९ मण्यांची, अथवा तीन फेरे करावयाची ३३ मण्यांची असते. ख्रिस्ती भाविकांच्या प्रचलित जपमाळेत ५९ मणी असतात. संख्या भिन्न, तत्त्व एकच. मोजण्याचे ओझे बोटांवर सोपविले की मन नामास मोकळे राहते. येथे मोजणी विसरता यावी म्हणूनच माळ हाती घ्यावयाची.

बाजारात मात्र मोजणीचा क्षणभरही विसर पडून चालत नाही. इराणच्या आखातात काढलेले, बसराई म्हणून ओळखले जाणारे मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि त्यांचा एक मोठा चाहता म्हणजे निजामाचा दरबार. निजामांचा सात सरांचा ‘सतलडा’ ४६५ मोत्यांचा आहे. भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांस घेतलेल्या निजामांच्या १७३ अलंकारांत त्याचा समावेश होतो. अशा मोत्यांचे मोल ठरविण्यासाठी जोहरी ‘चव’ काढीत. एकूण वजन रतींमध्ये घ्यावे, त्याचा वर्ग करावा, त्यास ५५ ने गुणून ९६ ने भागावे आणि मग मोत्यांच्या संख्येने भागावे. एकच मोती २० रतींचा असेल तर त्याची चव सुमारे २२९ येते; तेवढ्याच वजनाचे सारखे दहा मोती असतील तर अवघी २३. जपात संख्या वाढली की साधना वाढते. चवेच्या हिशोबात संख्या वाढली की मोल विभागले जाते.

हा हिशोब निसर्गाच्या दुर्मीळतेवर उभा होता. १९३० नंतरच्या दशकात जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांमुळे आखाती मोत्यांचा व्यापार कोसळला. संवर्धित मोत्याचा भाव मुख्यतः मिलिमीटरमधील आकार, झळाळी आणि गोलाई यांवर ठरतो. त्यास वर्ग आणि भागाकार लागत नाही. चवेची कोष्टके तोंडपाठ असणारी विद्या अशा रीतीने मागे पडली. मोत्यांचे नगर ही हैदराबादची कीर्ती मात्र टिकली, कारण ती मुळात समुद्राची नव्हे, हातांची होती. हैदराबादेस मोती पिकत नाहीत. बाहेरून आलेले मोती येथे विंधले, धुतले, निवडले आणि ओवले जातात. चारमिनारजवळील पत्थरगट्टीची दुकाने या कौशल्यावरच उभी राहिली.

या ओवण्यातही एक गणित दडलेले आहे. उत्तम हारात दोन मोत्यांमध्ये रेशमाची गाठ असते. तिच्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर निसटतो तो फार तर एखादाच मोती. महावीराचार्यांच्या नायिकेचा हार अशा गाठींनी गुंफलेला असता, तर मोती विखुरले नसते आणि ते सुंदर उदाहरणही जन्मास आले नसते. गणितज्ञाने तुटलेल्या हाराचा हिशोब मांडला. हार तुटला तरी हिशोब करण्याची वेळ येऊ नये, याची तजवीज कारागिराने केली. ग्रंथातील विद्या छापील पानांवर सुरक्षित राहिली आहे. गाठ मारणाऱ्या बोटांची विद्या मात्र पुढच्या बोटांनी शिकली तरच राहणार आहे.