मतदारांचे दप्तर

मतदाराचे मन अजमावून त्याप्रमाणे प्रचार करण्याची कला संगणकयुगाच्या पुष्कळ आधीची आहे. १८४० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात व्हिग पक्षाच्या समितीने, जिचे तरुण वकील अब्राहम लिंकन हे एक सभासद होते, आपल्या कार्यकर्त्यांस धाडलेल्या परिपत्रकात, जिल्ह्याचे लहान लहान भाग पाडावेत, भागातील यच्चयावत मतदारांची बिनचूक यादी करावी, कोण कोणास मत देणार याची खातरजमा करावी आणि जे डळमळीत असतील त्यांच्याशी त्यांच्या विश्वासातील माणसांकरवी बोलणे करावे, अशी स्पष्ट ताकीद होती. त्या काळी तेथे मत सर्वांसमक्ष तोंडी सांगण्याचा रिवाज असल्यामुळे शेजाऱ्याचा कल शेजाऱ्यास ठाऊक असे. आणि यादी करणारा दारी आला, तर त्याच्याशी वाद घालण्याची मुभा मतदारालाही असे.

उघड मतदानामुळे धाकदपटशा व लाचलुचपत माजते, हे अनुभवास आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गुप्त मतदान रूढ झाले. तेव्हापासून मतदाराचा कल अनुमानानेच जाणणे प्राप्त झाले. १९६० साली केनेडींच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी ‘सिमुलमॅटिक्स’ या कंपनीने जुन्या लोकमत-चाचण्यांतील लाखाहून अधिक मुलाखतींचा तपशील गणकयंत्रास पुरवून मतदारांचे ४८० वर्ग पाडले, आणि उमेदवाराने आपल्या कॅथलिक पंथाचा प्रश्न न टाळता त्याला उघडपणे सामोरे जावे, असा निष्कर्ष काढला. तरीही तेथे हिशेब वर्गांचा होता, व्यक्तींचा नव्हे.

व्यक्तींचा हिशेब पुढे आला. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने राज्यांच्या मतदारयाद्या संगणकावर आणणे बंधनकारक झाले. त्या याद्यांतील नावानावास खरेदीचा व आवडीनिवडींचा तपशील जोडला जाऊ लागला. २०१४ च्या सुमारास फेसबुकवरील एका व्यक्तिमत्त्वचाचणीत सुमारे २,७०,००० लोकांनी भाग घेतला. परंतु त्यांच्या स्नेह्यांचीही माहिती त्यांच्या नकळत गोळा होऊन, फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांचा तपशील ‘केंब्रिज अ‍ॅनालिटिका’ या प्रचारसंस्थेच्या हाती गेला असावा, हे २०१८ साली उघडकीस आले.

मतपेटीची गुप्तता राखावयाची आणि मतदाराच्या स्वभावाची नोंद मात्र त्याच्या अपरोक्ष विकू द्यावयाची, ही विसंगती कोणत्याही लोकशाहीने खपवून घेऊ नये. ज्याच्याविषयी असे दप्तर ठेवले जाते, त्याला ते पाहण्याचा, दुरुस्त करविण्याचा आणि प्रसंगी खारीज करविण्याचा हक्क असलाच पाहिजे. कारण मत मागणाऱ्याला जाब विचारता येणे हा नागरिकाच्या मताधिकाराचाच भाग आहे.